लिंक साफ केली तरी शेपूट परत येतं: ते कुठे चिकटतं आणि कसं काढायचं

तक्रार साधारण अशी असते. गूगल डॉक्समध्ये लिंक अगदी स्वच्छ टाकलेली आहे, पण पीडीएफ काढली की त्याच लिंकवर माउस नेल्यावर गूगलच्या नावाने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो. डॉक्समध्ये जाऊन लिंक पुन्हा टाकली, पीडीएफ पुन्हा काढली, पुन्हा तेच. कुणाची तक्रार ईमेलची असते: आलेली लिंक पुढे पाठवली तर ती सहा ओळींची होऊन जाते. कुणी ब्राउझरमध्ये लिंक साफ करणारं एक्स्टेन्शन घातलेलं असतं, तरी क्लिक केल्यावर क्षणभर भलताच पत्ता चमकून जातो.

हे परत परत होतं, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी होते. क्लिकचा माग ठेवण्याच्या जागा तीन आहेत आणि एका जागेचा उपाय दुसरीकडे लागू पडत नाही.

पहिली जागा म्हणजे पत्त्याचं शेपूट. खरा पत्ता तसाच असतो, फक्त प्रश्नचिन्हाच्या पुढे जादा मजकूर चिकटलेला असतो: यूटीएम सोर्स (लिंक कुठे ठेवली होती ते सांगणारं), फेसबुकचं एफबीक्लिड, गूगलच्या जाहिरातींचं जीक्लिड, यूट्यूबचं एसआय, इन्स्टाग्रामचं आयजीएसएच. दुसरी जागा म्हणजे वेष्टण. इथे खरा पत्ता दुसऱ्याच पत्त्याच्या पोटात असतो. क्लिक आधी मधल्या सर्व्हरवर जातं, तिथे नोंद होते आणि मग तो सर्व्हर तुम्हाला पुढे पाठवतो. तिसरी जागा म्हणजे क्लिकचा क्षण. पत्ता पूर्ण स्वच्छ दिसतो, पण बटण दाबताच पान गुपचूप निरोप पाठवतं किंवा ऐनवेळी पत्ताच बदलतं.

आधी ओळखा

लिंकवर उजवं क्लिक करा, पत्ता कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये चिकटवा. दोन तिरक्या रेघांनंतर आणि पुढच्या एका तिरक्या रेघेआधी जे नाव येतं तेवढंच वाचा. तिथे तुम्हाला जायचंय त्याच साइटचं नाव असेल तर फार तर शेपटाचा प्रश्न आहे. नाव तिसऱ्याचंच असेल तर ते वेष्टण. नाव बरोबर, शेपूट नाही, तरीही शंका असेल तर एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा (फायरफॉक्समध्ये ‘पर्सिस्ट लॉग्ज’) आणि मग क्लिक करा. हा पर्याय चालू केला नाही तर नवं पान उघडताच आधीच्या ओळी पुसल्या जातात आणि जे बघायचं तेच निसटतं. यादीत ३०१, ३०२ किंवा ३०७ असा स्टेटस दिसला तर मधे कुणीतरी वळवलंय. ‘पिंग’ किंवा ‘बीकन’ प्रकारची ओळ दिसली तर निरोप गेलाय.

गूगल डॉक्समधून काढलेली पीडीएफ आणि एचटीएमएल

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रकार आहे, कारण इथे माग तुमचा ठेवला जात नाही, तुमच्या वाचकाचा ठेवला जातो, आणि तोही तुमच्या नावाने बाहेर पडलेल्या कागदावरून.

डॉक्समधल्या मूळ दस्तऐवजात लिंक स्वच्छच असते. वेष्टण चढतं ते बाहेर काढताना. पीडीएफ, एचटीएमएल आणि ‘पब्लिश टू वेब’ने तयार झालेलं पान, तिन्हींत प्रत्येक लिंक गूगल डॉट कॉमच्या ‘यूआरएल’ या पत्त्यामागे जाते. रचना अशी: ‘क्यू’ या पॅरामीटरमध्ये (पत्त्यातल्या नाव-किंमत जोडीत) तुमचा खरा पत्ता, त्यानंतर ‘एसए’, ‘सोर्स’, मग ‘यूएसटी’ म्हणजे मायक्रोसेकंदांत लिहिलेली १६ आकडी वेळ आणि शेवटी ‘यूएसजी’ म्हणजे सही. सही जुळली नाही तर गूगल थेट पुढे नेण्याऐवजी ‘रिडायरेक्ट नोटीस’चं पान दाखवतं. लिंक हाताने अर्धवट कापली की वाचकांना हे पान दिसतं, त्याचं कारण हेच.

वाचकाने अशा पीडीएफमधली लिंक दाबली की त्याचा आयपी पत्ता, ब्राउझरची ओळख, क्लिकची वेळ आणि तो कुठे निघालाय ही माहिती गूगलच्या सर्व्हरला मिळते. तो त्याच ब्राउझरमध्ये गूगलला लॉगिन असेल तर कुकीही सोबत जाते. वेष्टणाच्या बाजूने सांगण्यासारखं एक आहे: धोकादायक साइटबद्दल मधेच इशारा देता येतो, आणि ऑनलाइन दस्तऐवजाचा स्वतःचा पत्ता पुढच्या साइटला कळत नाही. पण क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये बाहेरच्या साइटला पूर्ण पत्त्याऐवजी फक्त साइटचं नाव कळवण्याची पद्धत मुळातच लागू केली. डाउनलोड करून वाटलेल्या पीडीएफला तर हे कारण कधीच लागू नव्हतं.

डॉक्सच्या सेटिंगमध्ये हे बंद करायचं बटण शोधत बसू नका. लिंक पुन्हा टाकूनही काही होणार नाही. वाट बदलावी लागते: ‘फाइल’ मेनूतून ‘डाउनलोड’ निवडून डॉकएक्स काढा, ती लिब्रऑफिस रायटरमध्ये उघडा आणि तिथून ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’ करा. डॉकएक्समध्ये लिंका मूळ रूपात येतात. मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरत असाल तर ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा. छपाईच्या यादीतला ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ वापरलात तर लिंका स्वच्छ होत नाहीत, नाहीशाच होतात. आणखी एक अडचण हमखास येते: डॉक्समधला वेब फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर ओळी सरकतात आणि पानं वाढतात. तो फॉन्ट आधी बसवून घ्या, मग फाइल उघडा.

एचटीएमएल हवं असेल तर शोधा-बदला करावं लागतं, आणि इथे क्रम चुकला की लिंका मोडतात. आधी प्रत्येक लिंकच्या सुरुवातीचा भाग ‘क्यू’ आणि त्यापुढच्या बरोबरच्या चिन्हासकट काढा. मग ‘एसए’च्या आधीच्या अँड चिन्हापासून अवतरणचिन्हापर्यंतचा भाग काढा. हा भाग प्रत्येक लिंकमध्ये वेगळा असतो, त्यामुळे एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा (नेमक्या अक्षरांऐवजी नमुन्याने शोधण्याचा) पर्याय चालू लागेल. एचटीएमएलमध्ये ते अँड चिन्ह ‘अँड-एएमपी-अर्धविराम’ असं लिहिलेलं असतं. नुसतं चिन्ह आणि लगेच ‘एसए’ असं शोधाल तर काहीच जुळणार नाही. हे दोन्ही झाल्यावरच उरलेल्या पत्त्यातले टक्केवाले संकेत उलगडा.

उलगडणं का लागतं ते एका यूट्यूब लिंकवरून बघा. मूळ पत्त्यात ‘वॉच’, मग प्रश्नचिन्ह, ‘व्ही’, बरोबरचं चिन्ह आणि ११ अक्षरांची ओळख असते. वेष्टणात गेल्यावर बरोबरच्या चिन्हाचं ‘टक्का-३-डी’ होतं आणि अँड चिन्हाचं ‘टक्का-२-६’. वेष्टण काढलं पण ‘टक्का-३-डी’ तसंच ठेवलं, तर यूट्यूबला ‘व्ही’ नावाचा पॅरामीटर सापडतच नाही आणि व्हिडिओ उघडत नाही. उलट, कापायच्या आधीच उलगडलं तर तुमच्या पत्त्यातलं अँड चिन्ह आणि वेष्टणाचं अँड चिन्ह यांत फरक उरत नाही आणि कात्री भलतीकडे चालते. म्हणून आधी कापायचं, मग उलगडायचं, आणि उलगडायचं एकदाच. पत्त्यात मराठी अक्षरं असतील, विकिपीडियाच्या लेखात असतात तशी, तर ती मुळातच टक्क्यांच्या रूपात असतात. वेष्टणात त्या टक्क्याचंच ‘टक्का-२-५’ झालेलं दिसलं तर दुहेरी वेष्टण आहे असं समजू नका. एकदा उलगडून थांबा.

शेवटी तयार फाइल डॉक्सबाहेर, वेगळ्या वाचकात उघडा आणि निदान ३ लिंका तपासा: एक साधी, एक प्रश्नचिन्ह असलेली, एक मराठी अक्षरांची.

ईमेलमधलं वेष्टण

ऑफिसच्या ईमेलला मायक्रोसॉफ्टचं ‘सेफ लिंक्स’ असेल तर आलेल्या प्रत्येक लिंकवर ‘सेफलिंक्स डॉट प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉम’चं वेष्टण चढतं. खरा पत्ता ‘यूआरएल’ या पॅरामीटरमध्ये असतो. त्यापुढचा ‘डेटा’ हा भाग नीट बघा. त्यात ‘टक्का-७-सी’ म्हणजे उभी रेघ अशी मधे मधे येते, आणि त्या तुकड्यांपैकी एक तुकडा असतो ती मेल ज्याला आली त्याचा पूर्ण ईमेल पत्ता. फक्त ॲट चिन्हाऐवजी ‘टक्का-४-०’ लिहिलेलं असतं. म्हणजे ऑफिसच्या मेलमधली लिंक उचलून तुम्ही सार्वजनिक पानावर चिकटवलीत, तर तुमचा पत्ताही तिथेच छापलात. संस्थेची ओळख सांगणारा क्रमांकही सोबत असतो.

बाहेर पाठवण्याआधी ‘यूआरएल’नंतरच्या बरोबरच्या चिन्हापासून ‘डेटा’च्या आधीच्या अँड चिन्हापर्यंतचा भाग घ्या आणि तो उलगडा. संरक्षण म्हणून या वेष्टणाचा उपयोग खरा आहे, क्लिकच्या वेळी साइट तपासली जाते, त्यामुळे ते स्वतःपुरतं चुकवायच्या भानगडीत पडू नका. व्यवस्थापकांच्या हातात चांगला पर्याय आहे: सेफ लिंक्सच्या धोरणात पत्ते न बदलता फक्त एपीआयमार्फत तपासणी करण्याची सोय आहे. तो लावला की ज्या आउटलुकमध्ये ही सोय चालते तिथे तपासणी होते आणि पत्ते जसेच्या तसे राहतात. ज्या मेल-प्रोग्रॅममध्ये ती चालत नाही तिथे मात्र क्लिकच्या वेळची तपासणी होत नाही, हे आधी बघून घ्या.

जीमेलच्या वेब आवृत्तीत प्रकार वेगळा. माउस नेला तर खरा पत्ता दिसतो, उजव्या क्लिकने कॉपी केला तरी खराच मिळतो, पण साधं क्लिक गूगलमार्फत जातं. एचटीएमएलमध्ये लिंकच्या शेजारी ‘डेटा-सेफरिडायरेक्टयूआरएल’ नावाचा वेगळा गुणधर्म लावलेला असतो. मेलमधला मजकूर रंग-ठळकपणासकट उचलून दुसऱ्या एडिटरमध्ये चिकटवला की हा गुणधर्मही गुपचूप सोबत येऊ शकतो. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा मजकूर चिकटवा आणि लिंक हाताने लावा.

न्यूजलेटरचं वेष्टण मात्र उलगडून काढता येत नाही. मेलचिंप, सेंडग्रिड, सबस्टॅक यांच्या लिंकमध्ये खरा पत्ता वाचता येईल अशा रूपात नसतो. तिथे एक टोकन, म्हणजे ओळखीचा सांकेतिक मजकूर असतो, आणि ते तुमच्यासाठी वेगळं, शेजाऱ्यासाठी वेगळं. ते टोकन पुसलं की लिंक बहुधा उघडत नाही. एकच वाट: लिंक उघडा, शेवटच्या पानाचा पत्ता ॲड्रेस बारमधून घ्या, शेपूट कापा आणि तो पुढे पाठवा. तुमचं क्लिक यात नोंदलं जातंच. कर्लसारख्या आज्ञेने किंवा लांब पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरून उघडलं तरी टोकन तुमचंच असतं. आख्खं न्यूजलेटर फॉरवर्ड करू नका. समोरच्याची सगळी क्लिकं तुमच्या नावावर जमा होतात, आणि तळाच्या ‘अनसबस्क्राइब’वर त्याचा हात पडला तर यादीतून तुम्ही बाहेर जाता.

मेल पाठवणारे तुम्हीच असाल तर इलाज तुमच्या हातात आहे. मेलचिंपमध्ये मोहिमेच्या सेटिंगमध्ये क्लिकचा माग सहसा बंद करता येतो. सेंडग्रिडमध्ये एका लिंकपुरतं करायचं असेल तर तिच्या अँकर टॅगमध्ये (लिंक बनवणाऱ्या एचटीएमएल टॅगमध्ये) ‘क्लिकट्रॅकिंग’ हा गुणधर्म ‘ऑफ’ करून लिहा. पासवर्ड बदलण्याच्या, ईमेल पडताळणीच्या आणि लॉगिनच्या लिंकवर माग कधीही चालू ठेवू नये. लिंकमधली गुप्त किल्ली मधल्या सेवेच्या नोंदीत जाते. शिवाय फोनवर ॲप उघडायला हवं तिथे ब्राउझर उघडतो, कारण लिंकवरचं साइटचं नाव ॲपच्या ओळखीचं राहत नाही. ‘लिंक आधीच वापरली गेली आहे’ ही तक्रार मात्र बहुधा वेगळ्या कारणाने येते: मिळणाऱ्याच्या मेल सर्व्हरवरचा तपासनीस माणसाआधीच लिंक उघडून बघतो. लिंक उघडताच काम होऊ देऊ नका. पानावर एक बटण ठेवा आणि ते दाबल्यावरच किल्ली वापरा.

शेपूट कापताना काय कापू नये

प्रश्नचिन्हापुढचं सगळं उडवून टाकायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अनेकदा लिंक मोडतो. यूट्यूबच्या लांब पत्त्यात ‘व्ही’ गेला की व्हिडिओ गेला. ‘टी’ म्हणजे किती सेकंदांपासून सुरू करायचं आणि ‘लिस्ट’ म्हणजे प्लेलिस्ट, हे हवे तर ठेवा. ‘एसआय’ काढा, तो शेअर बटणाने लावलेला असतो. ‘यूट्यू डॉट बीई’ या छोट्या पत्त्यात ओळख प्रश्नचिन्हाच्या आधीच असते, तिथे ‘टी’ सोडून बाकी सगळं बिनधास्त कापा. ॲमेझॉनच्या वस्तूला ‘डीपी’ आणि त्यापुढची १० अक्षरं पुरतात. गूगल ड्राइव्हच्या लिंकमधलं ‘यूएसपी’ जाऊ दे, पण ‘रिसोर्सकी’ ठेवा: २०२१ च्या सुरक्षा बदलानंतर काही जुन्या फाइली त्याशिवाय उघडत नाहीत आणि समोरच्याला परवानगी मागण्याचं पान दिसतं. ‘सिग्नेचर’ किंवा ‘एक्स्पायर्स’ असं काही दिसलं तर ती सही केलेली लिंक आहे, तिला हात लावला की बहुधा ४०३ (प्रवेश नाही) येतो. लॉगिनच्या आणि पैसे भरण्याच्या पत्त्यातले ‘स्टेट’, ‘कोड’, ‘रिडायरेक्ट यूआरआय’ हेही तसेच राहू द्या.

सगळी शेपटं सारखीच वाईट नसतात. यूटीएमचे नेहमीचे पाच पॅरामीटर, सोर्स, मीडियम, कॅम्पेन, टर्म आणि कंटेंट, हे लिंक कुठे ठेवली होती ते सांगतात, माणूस कोण ते सहसा सांगत नाहीत. एफबीक्लिड आणि जीक्लिड मात्र दर क्लिकला वेगळे असतात, त्यामुळे ते एका माणसाच्या एका क्लिकपर्यंत पोहोचवतात. वेळ थोडा असेल तर आधी हे काढा.

ब्राउझर कुठवर मदत करतो

फायरफॉक्समध्ये लिंकवर उजवं क्लिक केलं की मागाविना कॉपी करण्याचा पर्याय २०२३ च्या १२० व्या आवृत्तीपासून आहे. काढण्याजोगं काही ओळखू आलं नाही तर तो फिका दिसतो. तो बिघाड नव्हे, ते शेपूट त्याच्या यादीत नाही एवढंच. ‘स्ट्रिक्ट’ संरक्षण लावलं तर फेसबुकसारखी ओळखीची शेपटं क्लिक करतानाच गळतात आणि १३३ व्या आवृत्तीपासून वळणाच्या वाटेवर ठेवलेल्या कुकीही साफ होतात. ब्रेव्हमध्येही स्वच्छ कॉपीचा पर्याय आहे, आणि तो काही ओळखीची वेष्टणं मधल्या सर्व्हरला न शिवताच ओलांडतो.

आयफोनवर आयओएस १७ पासून मेल, मेसेजेस आणि सफारीच्या खासगी विंडोमध्ये क्लिकची ओळख सांगणारी शेपटं काढली जातात. नेहमीच्या विंडोतही हवं असेल तर सफारीच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली माग आणि फिंगरप्रिंटिंगविरुद्धचं संरक्षण ‘ऑल ब्राउझिंग’वर ठेवा. यूटीएम तिथेही तसाच राहतो. तो मुद्दामच सोडलेला आहे.

हे सगळे उपाय मुख्यतः शेपटावर आणि थोडेसे वेष्टणावर चालतात. क्लिकच्या क्षणासाठी वेगळं लागतं. एचटीएमएलच्या अँकर टॅगमध्ये ‘पिंग’ नावाचा गुणधर्म असतो. क्लिक झालं की ब्राउझर त्यात दिलेल्या पत्त्यावर कुठे चाललो हे, आणि काही वेळा कुठून निघालो हेही, कळवतो. फायरफॉक्समध्ये हे मुळातच बंद असतं. खात्री करायची तर ‘अबाउट कॉन्फिग’मध्ये ‘ब्राउझर डॉट सेंड पिंग्ज’ शोधा, किंमत ‘फॉल्स’ हवी. क्रोम आणि सफारीत ते चालू असतं. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि माग अडवणारं एक्स्टेन्शन ज्या ब्राउझरमध्ये अजून चालतं, तिथे त्याच्या सेटिंगमध्ये ‘डिसेबल हायपरलिंक ऑडिटिंग’ आहे, त्यावर खूण असू द्या. माउस दाबताच पत्ता बदलणाऱ्या पानांना ओळखायची युक्ती सोपी आहे: लिंकवर माउस नेऊन पत्ता वाचा, बटण दाबून न सोडता बाजूला ओढा, पुन्हा माउस आणून पत्ता वाचा. दोन्ही वेळी वेगळा दिसला तर पानातली स्क्रिप्ट हे करतेय. अशा लिंकवर क्लिक न करता दिसणारा पहिला पत्ता हाताने लिहा किंवा स्क्रिप्ट बंद ठेवून कॉपी करा.

एक्स्टेन्शन घातल्यापासून कुठे लॉगिन होईना किंवा पैसे भरताना पान अडकलं, तर तेच पान एक्स्टेन्शन नसलेल्या खासगी विंडोत उघडून बघा. तिथे चाललं तर त्या साइटपुरता अपवाद करा. एक्स्टेन्शन पूर्ण काढून टाकायची गरज नसते. आणि लिंक साफ करणारी दोन एक्स्टेन्शनं एकत्र ठेवू नका. कुणी काय कापलं ते शोधणं अवघड होतं.

बिटलीच्या छोट्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावलं की ती न उघडता कुठे जाते ते दिसतं. बाकी छोट्या लिंकांना आणि बदलता येणाऱ्या क्यूआर कोडना अशी सोय असेलच असं नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर कॅमेऱ्यात जो पत्ता दिसतो तो मधल्या सेवेचा असेल, तर कोड छापणाऱ्याकडून मूळ पत्ता मागून घ्या. कोड तुम्हीच छापणार असाल तर तो थेट स्वतःच्या साइटच्या पत्त्याचा बनवा. मधल्या सेवेचं खातं बंद पडलं की छापलेला प्रत्येक कागद निकामी होतो.